चेंडू, दोन फळ्या आणि सेकंदाचा साठावा भाग

मित्रहो, गेम बनवायला शिकायचं म्हणून येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक अफाट जग आधीच तयार असतं. राज्यं, लढाया, शेकडो पात्रं. ते स्वप्न जरूर जपा. पण आज मी एक चेंडू आणि दोन फळ्या यांबद्दलच बोलणार आहे, कारण गेम प्रोग्रामिंगमधलं बरंचसं अवघड तिथेच भेटतं.

१९७२ साली व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीत नव्याने लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांना कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी सरावासाठी एक साधा टेनिससारखा खेळ करायला सांगितला. त्यातून ‘पाँग’ झाला. त्यात प्रोग्राम नव्हताच, सगळा खेळ सर्किटमध्ये बांधलेला. पण अल्कॉर्न यांनी चेंडू परतवणाऱ्या फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू कोणत्या भागावर लागला, यावर तो कोणत्या कोनात परतणार हे ठरू लागलं. शिवाय चेंडू जितका वेळ खेळात राहील तितका त्याचा वेग वाढत जाई. नुसतं परतवणं होतं, तिथे नेम आला आणि धडधड आली. तुमचा पहिला गेम हाच असू द्या.

तो लिहायला बसलात की पहिली गाठ पडते गेम लूपशी. कोणती कळ दाबली ते बघा, सगळ्यांच्या जागा बदला, चित्र काढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीत काढलेलं असं एक चित्र म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हे सगळं उरकायला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. आता समजा तुम्ही लिहिलंत, ‘दर फ्रेमला चेंडू ५ पिक्सेल सरकव’. ६० फ्रेमच्या स्क्रीनवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल, १४४ फ्रेमच्या स्क्रीनवर ७२०. म्हणजे तोच गेम मित्राच्या घरी खेळताच येणार नाही! म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टा टाइमने, त्याला गुणायचं. शाळेतलं ‘अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ’ इथे डोळ्यांसमोर पळताना दिसतं, आणि मला ते दर वेळी तितकंच सुंदर वाटतं.

यंत्राच्या वेगातून कधी खेळही घडतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत गेले की काढायची चित्रं कमी होत आणि उरलेले शत्रू वेगाने सरकू लागत. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि शेवटच्या शत्रूशी गाठ पडताना श्वास रोखला जाऊ लागला.

वेग वाढला की आणखी एक पेच येतो. चेंडू एका फ्रेममध्ये ३० पिक्सेल सरकतोय आणि फळी १० पिक्सेल जाड आहे. एका फ्रेमला तो फळीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे! टक्कर झालीच नाही, कारण तुम्ही फक्त दोन जागा तपासल्या. मधला सगळा मार्ग तपासावा लागतो. हे वाचून समजतं, पण पटतं ते चेंडू तुमच्याच फळीतून आरपार गेल्यावर.

साधनांवर फार वेळ घालवू नका. लहान मुलांसाठी स्क्रॅच, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर पायगेम, पुढे जायचं असेल तर गोडो. तिन्ही मोफत आहेत.

मात्र गेम पूर्ण करा. सुरुवातीचा पडदा, गुण, आवाज, हरल्यावर पुन्हा खेळायची सोय, सगळं. मग तो दुसऱ्याच्या हाती द्या आणि काही न सांगता शेजारी बसा. तो कुठे अडखळतो, कोणती कळ उगाच दाबतो, टिपून ठेवा. उड्यांच्या गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारू देतात, ती युक्ती अशाच निरीक्षणातून सुचते: खेळणाऱ्याला वाटतं आपण वेळेत कळ दाबली, तर गेमनेही तसंच मानावं.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी ते उघडा. आधी रिकामी खिडकी, मग त्यात एक पांढरा चौकोन. तो सरकायला लागला की प्रश्न विचारा.