'टू किल अ मॉकिंगबर्ड' शिकवायचंय? मग अ‍ॅटिकसपासून सुरुवात करू नका

नमस्कार मंडळी! आज हे पुस्तक. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरत) कोपरे बघा, पार गेलेत, आणि मधली पानं सेलोटेपवर टिकून आहेत, कारण नववीच्या पोरांना ही कादंबरी मी बरीच वर्षं शिकवत आलेय. मागच्या व्हिडिओखाली दोन-तीन शिक्षकांनी विचारलं होतं की मॅडम, वंशभेद, पूर्वग्रह हे विषय पोरांना शिकवायचे कसे, भाषण न देता. तर आज मी ते कसं शिकवते ते सांगणार आहे, आणि पहिल्या वर्षी कशी माती खाल्ली तेही सांगणार आहे. ते ऐकायला शेवटपर्यंत थांबा.

आधी पटकन ओळख, ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी. हार्पर ली, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मन्रोव्हिल गावची बाई, वडील वकील. कादंबरी आली 1960 मध्ये, पुढच्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला, 1962 मध्ये सिनेमा. गोष्ट घडते 1930 च्या दशकात, मेकम नावाच्या काल्पनिक गावात. सांगणारी आहे स्काउट, सहा वर्षांची आगाऊ पोरगी, गोष्ट संपेपर्यंत नवाला टेकते. तिचे वडील अ‍ॅटिकस फिंच वकील आहेत आणि ते टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाची केस लढवतात. मायेला युवेल या गोऱ्या मुलीवर त्याने बलात्कार केला असा आरोप असतो. आरोप खोटा आहे हे कोर्टात सगळ्यांना कळतं, तरी ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा सामान्य नागरिक, त्याला दोषी ठरवते. बस. एवढ्यावर पुढचं कळेल.

आता बहुतेक ठिकाणी काय होतं ना, शिक्षक थेट अ‍ॅटिकसला पकडतात. फळ्यावर लिहायचं 'अ‍ॅटिकसचे गुण': धैर्य, प्रामाणिकपणा, सहानुभूती. पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर तयार. मीही हेच केलं. पेपर तपासायला घेतले तर पस्तीस उत्तरपत्रिका, पस्तीस अ‍ॅटिकस, आणि टॉमबद्दल एकेक ओळ. सगळ्यांना वाटत होतं की एक चांगला गोरा माणूस उभा राहिला आणि मग दुष्ट लोकांनी त्याला हरवलं. हरला कोण? टॉम! तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या घालतात त्याला, सतरा. आणि आमची पोरं हळहळतायत कोणासाठी, तर वकिलासाठी.

म्हणून आता मी उलट्या बाजूने जाते. आधी तो काळ, पण इतिहासाचा तास न घेता एकच खरी केस सांगते. 1931, अलाबामाच, मालगाडीतून फुकट प्रवास करणारी नऊ काळी पोरं पकडली, सगळ्यात लहान बारा-तेरा वर्षांची. दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला आणि काही आठवड्यांत नऊपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा. स्कॉट्सबरो केस म्हणतात हिला. 1933 मध्ये त्यातली एक मुलगी, रुबी बेट्स, स्वतः कोर्टात येऊन म्हणाली की असं काही घडलंच नव्हतं. तरी ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवलं. ज्युरीत एकही काळा माणूस नाही, यादीतच नाव घ्यायचे नाहीत ना त्यांचं. सुप्रीम कोर्टाने हे चुकीचं ठरवायला 1935 उजाडलं, आणि शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली 2013 मध्ये, म्हणजे माणसं केव्हाच मरून गेल्यावर. हे सांगितलं की 'मॅडम, गोष्टीत जरा जास्तच दाखवलंय' हे वाक्य वर्गातून गायब होतं.

मग कोर्टाची प्रकरणं, सतरा ते एकवीस. इथे घाई करू नका, चार तास गेले तरी जाऊ द्या. मायेलाच्या चेहऱ्यावर मार आहे उजव्या बाजूला. वर्गात दोघांना समोरासमोर उभं करा आणि एकाला हवेत हळूच हात फिरवायला सांगा (हळूच म्हणजे हळूच, नववीतली पोरं खरंच ठेवून देतात). समोरच्याच्या उजव्या गालावर मारायला कोणता हात सोपा पडतो? डावा. आता टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनात (सरकी वेगळी करायच्या यंत्रात) सापडून निकामी झालेला, विदर्भातल्या मंडळींना जिनिंग काय असतं सांगायला नको. आणि अ‍ॅटिकस मायेलाच्या बापाला, बॉब युवेलला, भर कोर्टात सही करायला लावतो, तर तो डावखुरा! पोरं एकदम सीआयडी मोडमध्ये जातात, 'केस सॉल्व्ह्ड मॅडम' वगैरे. जाऊ द्या. कारण मग तुम्ही निकाल वाचून दाखवता आणि वर्ग असा गप्प होतो की पंख्याचा आवाज येतो. पुरावा होता, सगळ्यांना दिसला, तरी उपयोग शून्य. पूर्वग्रह म्हणजे माहिती कमी असणं असं आपण पोरांना सांगतो ना, ते इथे बोंबलतं. त्या बारा जणांकडे माहितीची कमी नव्हती.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. सरकारी वकील टॉमला विचारतो की तू त्या मुलीची कामं फुकट का करायचास? कपाट फोडून दे, लाकडं फोडून दे, कशासाठी? आणि टॉम बिचारा खरं बोलतो की मला तिची कीव यायची. झालं! वकील त्या शब्दावर झडप घालतो, कोर्टातली गोरी माणसं अस्वस्थ होतात, टॉमलाही कळतं आपण काय बोलून बसलो. पोरांना पहिल्यांदा कळतच नाही की यात चुकलं काय, चांगलंच तर बोलला. मग मी मराठीत विचारते, कीव कोण कोणाची करतं रे? मालक नोकराची करतो, पास झालेला नापासाची करतो. उलटं कधी ऐकलंय? कीव वरून खाली येते. मायेला घाणीत राहते, बाप दारुडा, मारकुटा, अख्खं गाव तिला विचारत नाही, तरी ती गोरी, म्हणून टॉम तिच्या खालीच असला पाहिजे, आणि खालच्याने वरच्याची कीव केली हाच गुन्हा. हे मराठीत जितकं झटकन पोचतं तितकं इंग्रजीत समजावताना पोचत नाही, माझा अनुभव आहे. गोऱ्या-काळ्यांसाठी कायद्याने ठरवलेले रेल्वेचे वेगळे डबे, वेगळ्या शाळा, ते सगळं पुस्तकी राहतं, पण 'कीव' हा शब्द आपल्या पोरांना आतून कळतो. वरचा कोण आणि खालचा कोण हे त्यांना कोणी शिकवायला लागत नाही हो.

आणि हो, इथे कोणीतरी हमखास म्हणतं की हे अमेरिकेचं आहे, आपला काय संबंध. फुल्यांनी 'गुलामगिरी' 1873 मध्ये अर्पण कोणाला केली होती माहितीये ना? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करायला झीज सोसली त्यांना. दलित पँथर हे नाव 1972 मध्ये तिकडच्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच आलं. आपल्याकडच्या लोकांनी तो संबंध दीडशे वर्षांपूर्वीच लावलाय. जात आणि वंश एकच असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये भांडू नका.

शिवीचा प्रश्न. पुस्तकात काळ्या लोकांसाठीचा तो शब्द खूपदा येतो. 2017 मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत आठवीच्या वर्गातून पुस्तक काढलं, भाषेने लोक अस्वस्थ होतात म्हणून. त्याच्या खूप आधी, 1966 मध्ये, व्हर्जिनियातल्या एका स्कूल बोर्डाने ते अनैतिक ठरवलं होतं, तेव्हा लीबाईंनी पेपरला पत्र लिहून सोबत थोडे पैसे पाठवले की यातून त्या बोर्डाला पहिलीच्या वर्गात घाला! मी काय करते, तो शब्द मोठ्याने वाचत नाही, पोरांनाही वाचू देत नाही, पण पहिल्याच तासाला सांगते की तो छापलेला आहे आणि का आहे. जातीवरून दिलेली शिवी पोरांनी ऐकलेली असते, त्यामुळे जास्त समजवावं लागत नाही.

दुसरी तक्रार मात्र मला पटते. लिहिणारी गोरी, सांगणारी गोरी पोरगी, काळी माणसं कडेकडेला. टॉम मेल्यावर त्याची बायको हेलन अंगणात कोसळते, आणि आपल्याला ते कळतं कसं, तर डिल नावाच्या गोऱ्या पोराने पाहिलं आणि नंतर स्काउटला सांगितलं म्हणून. म्हणून सोबत मिल्ड्रेड टेलरच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' या 1976 च्या कादंबरीचं फक्त पहिलं प्रकरण वाचा. 1933 चं मिसिसिपी, सांगणारी काळी मुलगी, कॅसी. तिच्या छोट्या भावाला शाळेत पुस्तक मिळतं, तो हरखून उघडतो तर आत तक्ता. कोणत्या वर्षी दिलं, पुस्तकाची अवस्था कशी, मुलाचा वंश कोणता. नवीन असल्यापासून अकरा वेळा गोऱ्या मुलांना, आणि बाराव्या ओळीत 'अतिशय वाईट' अवस्था झाल्यावर काळ्या मुलाला. तो पोरगा ते पुस्तक फेकतो आणि त्यावर नाचतो. स्टेशनरीचा एक तक्ता, दुसरं काही नाही. एवढ्या तासात जे पोचतं ते माझ्या दहा भाषणांत पोचलं नसतं.

बरं, आता माती खाल्ल्याचं. पहिल्या वर्षी मला वाटलं कोर्टाचा सीन नाटक म्हणून करू. अ‍ॅटिकस कोण होणार? दहा हात वर. टॉम कोण? एकही हात नाही. मग मागून कोणीतरी एका मुलाचं नाव घेतलं आणि अख्खा वर्ग हसला. तो मुलगा वर्गात सगळ्यात सावळा. तोही हसला, उभा राहिला. आणि मी म्हणाले, 'ये रे पटकन, वेळ नाहीये.' पटकन ये म्हणाले! हातात वंशभेदावरची कादंबरी, आणि डोक्यात फक्त तास संपायला वीस मिनिटं उरल्याचं टेन्शन. घरी जाऊन भाजी चिरताना लक्षात आलं की आज काय झालं.

म्हणून आता मी नाटक करत नाही, सव्विसावं प्रकरण करते, जे बरेच जण गाळतात. स्काउटच्या शिक्षिका मिस गेट्स वर्गात हिटलरबद्दल सांगतात, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'लोकशाही' लिहितात आणि म्हणतात की आपण इथे कोणाचा छळ करत नाही. ज्यूंबद्दल खरंच वाईट वाटत असतं त्यांना. आणि त्याच बाई टॉमचा निकाल लागल्यावर कोर्टाच्या पायऱ्या उतरताना काय बोलतात, तर बरं झालं, या लोकांना धडा शिकवायलाच हवा होता, फार डोक्यावर बसायला लागलेत. स्काउटच्या कानावर पडतं. ती भावाला विचारते की हिटलरचा एवढा राग येतो, मग घराजवळच्या माणसांशी असं कसं? भाऊ चिडतो, उत्तर देत नाही.

पोरांना मी वहीचं पान मधोमध दुमडायला लावते. डावीकडे बाई वर्गात काय बोलल्या, उजवीकडे वर्गाबाहेर. एवढंच. एका वर्षी एका मुलीने पान भरून झाल्यावर हात वर केला आणि विचारलं, 'मिस, टीचरचं ते बाहेरचं बोलणं कोणाच्या कानावर पडलं नसतं तर?' मी तिला नाटकाचा किस्सा सांगितला, तेव्हापासून दर वर्षी सांगते.

तो मुलगा मध्यंतरी भेटला होता, नोकरीला लागलाय, पाया पडला. विचारायचं होतं की तुला तो तास आठवतो का रे. नाही विचारलं मी. तो बाइकचं काहीतरी सांगत बसला, मी ऐकत बसले.

चला. पुढच्या व्हिडिओत कॅल्पर्निया, फिंचांकडे स्वयंपाक करणारी काळी बाई, ती चर्चमध्ये एक बोली आणि फिंचांच्या घरात दुसरी का बोलते ते. बारावं प्रकरण वाचून या.