मटकीचा चोथा आणि आतड्यातले यीस्ट

पहाटेचे चार वाजले आहेत. माझगावातल्या एका बेकरीत पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडलेले पावाचे गोळे फुगून एकमेकांना चिकटले आहेत. बोट दाबले की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. हे काम सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचे, म्हणजे एका एकपेशीय बुरशीचे. ते पिठातली साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि भट्टीच्या आचेत मरते. तेव्हा पावातले यीस्ट पोटात जाऊन वाढते, ही समजूत इथेच सोडून द्यावी.

आतड्यात वस्तीला असते ते प्रामुख्याने कँडिडा हे दुसरे यीस्ट. जीवाणूंच्या तुलनेत त्याची संख्या नगण्य. एरवी ते गोल पेशींच्या रूपात निमूट राहते. पण परिस्थिती सोयीची झाली की त्याच पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते आतड्याच्या अस्तरात शिरू शकतात.

आता दादरला मिसळपावाची ताटली समोर आली आहे. पावातल्या मैद्याची बहुतेक साखर लहान आतड्यातच शोषली जाते. मटकीतला चोथा (फायबर) पचवणारी विकरे मात्र माणसाकडे नाहीत, त्यामुळे तो मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. तिथे कँडिडालाही त्याचा फारसा उपयोग नसतो. तो खातात जीवाणू, आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. उसळ खाल्ल्यावर होणारी गुडगुड याच कामाची.

या आम्लांमुळे मोठ्या आतड्यातली आम्लता वाढते, आणि आम्लधर्मी वातावरणात कँडिडाला तंतू फुटणे अवघड जाते. प्रयोगशाळेत तर ब्युटिरेट त्याची वाढही रोखते. शिवाय, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे आढळले, की बॅक्टेरॉइड्स थेटाआयोटामायक्रॉन हा चोथ्यावर पोसणारा जीवाणू आतड्याच्या अस्तराला बुरशीमारक पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) तयार करायला लावतो. थोडक्यात, चोथा यीस्टला मारत नाही. तो यीस्टच्या शेजाऱ्यांना जेवू घालतो. अँटिबायोटिक्सनी हेच शेजारी मेले, की कँडिडाला रान मोकळे मिळते.

म्हणूनच ‘पोटातले यीस्ट धुऊन काढणाऱ्या’ चूर्णांवर पैसे घालवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते, तो आहारातूनच. मिसळीत मटकी असते खरी, पण फरसाण आणि तर्रीच्या खाली, जेमतेम दोन चमचे. आणि एक्स्ट्रा मागितला जातो तो पाव.