रक्तदाब एकटा येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

निफाड किंवा दिंडोरीकडचा एखादा द्राक्षबागायतदार तपासणीला येतो आणि त्याला रक्तदाब समजावून सांगायचा असतो, तेव्हा मी हृदयापासून सुरुवात करत नाही. त्याच्या बागेतल्या ठिबकविषयी विचारतो. फिल्टरमध्ये गाळ साचला तर काय होते? फिल्टरच्या अलीकडचा दाब वाढतो आणि पलीकडे वेलींना पाणी कमी पडते, हे तो क्षणात सांगतो. दाब सतत जास्त राहिला तर सांधे निसटतात आणि नळ्या फुटतात, हेही त्याला ठाऊक असते. मग मी म्हणतो, दादा, तुमच्या अंगातला फिल्टर म्हणजे मूत्रपिंड.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने त्या गाळण्यांच्या केशवाहिन्या कठीण होतात आणि जी प्रथिने रक्तातच राहायला हवीत, ती लघवीतून पाझरू लागतात. ठिबकची उपमा मात्र इथे संपते, कारण बागेतला फिल्टर पंपाला काही सांगू शकत नाही, मूत्रपिंड सांगते. आपल्याकडे रक्त कमी येत आहे असे वाटताच ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. त्याच्या परिणामाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि दाब आणखी वाढतो. म्हणजे रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडते आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते. सोबत मधुमेह असेल, तर याच गाळण्यांवर साखरेचाही मारा चालू असतो.

म्हणून दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मोजणी 140/90 किंवा त्याहून अधिक आली, तर गोळीची चिठ्ठी घेऊन लगेच उठू नये. रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचे रक्तातले टाकाऊ द्रव्य), हृदयाचा आलेख म्हणजे ईसीजी आणि लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) या तपासण्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. यांतली शेवटची तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते आणि मला सर्वाधिक खंत तिचीच वाटते. मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम मंदावेपर्यंत क्रिएटिनिन पुष्कळदा सामान्य दिसते, लघवीतील अल्ब्युमिन मात्र त्याच्या बरेच आधी इशारा देते. त्या टप्प्यावर मूत्रपिंडालाही संरक्षण देणारी रक्तदाबाची गोळी निवडता येते.

हृदय आणि मेंदू यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. वाढलेल्या दाबाविरुद्ध रेटा देऊन हृदयाची डावी भिंत जाड होते आणि पुढे थकते. मेंदूत गुठळी अडकूनही पक्षाघात होतो आणि वाहिनी फुटूनही होतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मात्र कापाकापी न करता प्रत्यक्ष पाहता येतात, म्हणून नेत्रतपासणी केवळ चष्म्याच्या नंबरासाठी नसते.

आता उलट दिशेने पाहू. कित्येकदा रक्तदाब हा दुसऱ्याच दुखण्याचा निरोप असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभ्याने काम करणारे कितीतरी जण कंबरदुखीवर औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेतात; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मीठ-पाणी अडवून रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. जोराने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नसेल, तर त्याची झोप तपासावी लागते. थायरॉईडचा बिघाड, मूत्रपिंडाची अरुंद झालेली धमनी, मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून जास्त पाझरणारे संप्रेरक, अशी आणखीही कारणे असतात. ऐन तिशीच्या आत रक्तदाब वाढला तर ‘टेन्शनमुळे असेल’ एवढ्यावर सोडून देणे मला मान्य नाही.

मिठाबद्दल बोललेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ सांगितले आहे. नाशिककराला मिसळ सोडा असे मी म्हणणार नाही, ते तो ऐकणारही नाही. पण मिसळीबरोबरचा पापड, वरची शेव आणि घरी आल्यावर जेवणातले लोणचे यांची बेरीज तरी करावी. सैंधव खाल्ले म्हणजे चालते, हा समज तर घरोघरी आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

आणखी एक प्रश्न मी चाळिशी ओलांडलेल्या भगिनींना हटकून विचारतो. बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का? बहुतेकींचे पहिले उत्तर ‘नाही’ असे असते, मग शेजारी बसलेल्या सासूबाई किंवा आई सांगतात की सातव्या महिन्यात पाय सुजले होते, लघवीत प्रथिने निघाली होती आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावे लागले होते. त्या वेळी मूल सुखरूप झाले म्हणून सगळे ते विसरून गेलेले असतात. अशा स्त्रियांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून बाळंतपणाची जुनी फाईल पेटीत असेल तर पुढच्या तपासणीला ती बरोबर आणावी.