एका घंटेची वाट: इंग्लंडमधील क्रमबदल-वादन कसे शिकतात

श्रोतेहो, इंग्लंडमधील चर्चच्या मनोऱ्यातून रविवारी सकाळी जो घंटानाद ऐकू येतो, त्यात बहुधा कोणतीही धून नसते. प्रत्येक घंटेचा दोर एकेका माणसाच्या हाती असतो. सर्वांत हलक्या ‘ट्रेबल’पासून सर्वांत जड ‘टेनर’पर्यंत घंटा ओळीने वाजू लागल्या, की त्यांचा क्रम बदलत जातो आणि तो पुन्हा येऊ द्यायचा नसतो. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०. एवढे वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि समोर कागद ठेवण्याची मुभा नसते.

या कलेचे सारे गणित घंटेच्या वजनातून आले आहे, असे मला वाटते. घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते, तोंड वर करून उभी राहते आणि प्रत्येक टोल्याला पूर्ण फेरी घेते. शेकडो किलोंचे ते धातूचे ओझे मध्येच थोपवता येत नाही. फार तर वरच्या टोकाशी क्षणभर तोलून धरता येते, किंवा थोडे लवकर परतवता येते. म्हणूनच एका बदलात कोणतीही घंटा वाजण्याच्या क्रमात एका जागेपेक्षा अधिक सरकत नाही. (पुण्यातील पंचहौद मिशनच्या मनोऱ्यातही इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा आहेत, हे पुणेकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे.)

दोरावर हात बसला, की बहुतेक शिकाऊ वादक ‘प्लेन बॉब मायनर’ या सहा घंटांच्या रचनेकडे वळतात. आकड्यांच्या ओळी पाठ करणे निष्फळ ठरते. त्या ओळींतून आपल्या एका घंटेची रेघ काढायची आणि तेवढीच वाट लक्षात ठेवायची. घंटा क्रमात एकेक जागा मागे जाते (म्हणजे ‘चढते’), सहाव्या जागेवरून परत फिरते, पुढे येते (म्हणजे ‘उतरते’). मात्र ट्रेबल पहिल्या जागी आली, की एक घंटा दुसरी जागा धरून पुन्हा पुढे फिरते आणि बाकीच्या एक पाऊल उलट टाकून मग आपली वाट धरतात. या उलट पावलाला ‘डॉज’ म्हणतात. दुसऱ्या घंटेचे काम असे: उतरताना तीन-चारमध्ये (तिसऱ्या-चौथ्या जागांत) डॉज, उतरताना पाच-सहामध्ये, चढताना पाच-सहामध्ये, चढताना तीन-चारमध्ये, आणि शेवटी दुसरी जागा. इतर घंटाही हेच चक्र फिरतात, फक्त निराळ्या ठिकाणाहून सुरुवात करून.

वाट चुकली, तर ट्रेबलच सावरते. ती दुसऱ्या-तिसऱ्या जागेत ओलांडली, तर पुढचे काम चढताना तीन-चारमधला डॉज. चौथ्या-पाचव्यात ओलांडली, तर उतरताना पाच-सहामधला. ही खूण कळायची, तर पाच हलत्या दोरांतून आपल्या आधी कोणता खाली येतो ते नजरेने टिपता आले पाहिजे. ती नजर कागदावर येत नाही, मनोऱ्यातच येते. शिकणाऱ्याने या टप्प्यावर घाई करू नये.

अशा सरळ आवर्तनात अवघे ६० बदल होतात. पुढे जाण्यासाठी सूत्रधार ‘बॉब’ असा पुकारा करतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जागांतील घंटांचे काम बदलते. पाच-सहामधल्या दोघी आपला डॉज तसाच करतात. नुसत्या बॉबांनी ३६० क्रम हाती लागतात. उरलेल्या निम्म्यांसाठी ‘सिंगल’चा पुकारा लागतो, ज्यात पहिल्या चार जागांतील घंटा जागच्या जागी राहतात आणि केवळ शेवटच्या दोन अदलाबदल करतात.