गुणाकाराला मज्जाव

[दृश्य: उद्यमबाग. लेथवर फिरणारा जॉब, म्हणजे घडवायचा नग.]

बेळगावच्या उद्यमबागेत ड्रॉइंग कधी मिलिमीटरमध्ये येतं, कधी इंचात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे इथल्या हेल्परलाही पाठ. कॉम्प्युटरला मात्र दोन्ही नुसतेच आकडे. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच हातचं गेलं. एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडांच्या हिशेबात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे धरले.

[दृश्य: शॉपच्या वरची खोली. लॅपटॉप.]

इथे मालकांचा भाचा स्वतःची प्रोग्रामिंग भाषा रचतोय. फंक्शनल भाषा. एकदा ठरलेली किंमत मागाहून बदलत नाही, आणि एकक हा टाइपचाच, म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची हे सांगणाऱ्या नोंदीचाच, भाग. मिलिमीटरमध्ये इंच मिळवायला गेलात की कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालण्याआधी तपासून यंत्रासाठी तयार करणारं सॉफ्टवेअर, अडवतो, मराठीत आणि कन्नडातही, कारण खाली दोन्ही बोलणारे ऑपरेटर आहेत. एककांची ही सोय एफ शार्प भाषेत आधीपासून आहे.

"आमचा फोरमन पण एवढंच करतो की रे," मामा म्हणतात.

भाच्याचा हट्ट त्याच्या पुढचा. यादीची लांबीसुद्धा टाइपमध्ये हवी, म्हणजे रिकाम्या यादीतला पहिला जॉब मागणारा प्रोग्राम तयारच होणार नाही. पण सकाळच्या पाळीचे 'अ' जॉब आणि दुपारचे 'ब' जोडले तर लांबी अ + ब. उलट जोडले तर ब + अ. दोन्ही सारखंच, हे चौथीतलं पोर सांगेल. कंपायलर सिद्धता मागतो. इद्रिस, अ‍ॅग्डा या भाषांत ती प्रोग्रामरलाच पुरवावी लागते, गणिती विगमनाने, म्हणजे एका संख्येवरून पुढच्या संख्येकडे जात. जॉब मोजायला बसलेल्या माणसाकडून हे मागणं जरा जास्तच झालं.

वाट सापडली ती १९२९ सालच्या गणितात. पूर्णांक आणि फक्त बेरीज असेल, तर कुठलंही विधान खरं की खोटं हे यांत्रिक रीतीने ठरवता येतं, असं प्रेसबर्गर या पोलिश गणितज्ञाने दाखवलं. दोन अज्ञात संख्यांचा गुणाकार आला की ती हमी संपते. म्हणून या भाषेच्या टाइपमध्ये बेरीज चालते, तिची सिद्धता कंपायलर स्वतःच करतो, ठरावीक आकड्याने गुणणंही चालतं. दोन चलांचा गुणाकार लिहिताच येत नाही.

मामांना नेमका तोच हवा होता! क्रेटमध्ये आडव्या ओळी किती, उभ्या किती, हे रोज बदलतं, आणि नग मोजायचे तर दोन्हींचा गुणाकार. तेवढी तपासणी भाच्याने प्रोग्राम चालू असतानाची ठेवली आहे. मामांना ते अजून पटलेलं नाही.