शिकागोला जाताना नदीकाठानं

(महाराष्ट्र मंडळाच्या मासिक कार्यक्रमात, मिनियापोलिस इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शिकागोला तुम्ही सगळे जाता. कुणी डेव्हॉन रस्त्यावरच्या देशी दुकानांत सामान भरायला जातो, कुणी विमानतळावर कुणाला तरी आणायला. आय-९४ हा हमरस्ता धरायचा, क्रूझ कंट्रोल लावायचा, एकदा कॉफी, एकदा पेट्रोल, की साधारण चारशे मैल सहा-साडेसहा तासांत संपतात. वाटेत काय पाहिलंत असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच: ट्रक. मीही कित्येक वर्षं ट्रकच पाहत आलो.

दोष रस्त्याचा नाही. १९५६ साली आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून हमरस्त्यांचं हे जाळं उभं राहिलं. गावं टाळून, चढ कापून, वळणं सरळ करून माणूस आणि माल लवकर पोचवायचा, हाच त्याचा उद्देश. तो रस्ता आपलं काम चोख करतो. पण मागच्या ऑक्टोबरात आई-बाबा इथे होते, शिकागोला मावसबहिणीकडे जायचं होतं आणि आदल्या रात्री बाबा नकाशा बघत म्हणाले, "ही एवढी मोठी मिसिसिपी नदी शेजारून जाते आणि तू तिच्याकडे पाठ करून का जातोस?"

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नदी दिसली की त्यांना तिच्याशी जरा बोलावंसं वाटतं. म्हणून आम्ही ग्रेट रिव्हर रोडनं निघालो.

हा काही एक सलग रस्ता नाही. मिसिसिपीच्या उगमापासून, म्हणजे आपल्याच मिनेसोटातल्या लेक इटास्कापासून, थेट लुइझियानापर्यंत दहा राज्यांतले रस्ते एकाला एक जोडत नेलेत. कल्पना १९३८ सालची. हिरव्या पाटीवर जुन्या आगबोटीचं सुकाणूचं चाक दिसलं की समजायचं, आपण वाटेवर आहोत. आम्ही धरला तो विस्कॉन्सिनच्या बाजूचा हायवे ३५. वेग बहुतेक ठिकाणी ताशी ५५ मैल, गावात २५.

सुरुवात प्रेस्कॉटला. तिथे सेंट क्रॉय नदी मिसिसिपीला मिळते. एकीचं पाणी निळसर, दुसरीचं मातकट, आणि बराच वेळ दोघी एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात. आईनं हात जोडले. संगम आहे म्हटल्यावर अमेरिका असली म्हणून काय झालं!

पुढे लेक पेपिन. बावीस मैल लांब, दोनेक मैल रुंद. मी म्हटलं, बाबा, हे सरोवर. ते म्हणाले, "सरोवर कसलं, हा फुगवटा आहे. धरण कुठाय?" धरण खाली होतं, पण माणसानं बांधलेलं नव्हे. चिपेवा नदी तीव्र उतारावरून येते, येताना वाळू आणते. मिसिसिपीचा उतार मंद, ती वाळू वाहून नेणं तिला जमत नाही. वाळूचा ढीग पात्रात साचला आणि मागे पाणी तुंबलं. उपनदीनं थोरलीला अडवलं! बाबांना हे इतकं आवडलं की गाडी दोनदा थांबवावी लागली. मग मी सांगितलं, की वरून मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातल्या शेतांची माती येते आणि लेक पेपिन वरच्या टोकाकडून भरत चाललंय. ते काही बोलले नाहीत. गाळ हा विषय निघाला की ते तसेच गप्प होतात. अर्धी नोकरी त्यात गेली.

या पट्ट्यात रस्ता, रेल्वे आणि नदी अगदी खेटून चालतात, आणि डाव्या हाताला चार-पाचशे फुटांचे कडे. हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्या या प्रदेशाला वळसा घालून गेल्या, म्हणून इथले डोंगर घासून सपाट झाले नाहीत. ऑक्टोबरात ते असे रंगलेले असतात, की आमचा फोन आईच्या हातातून सुटेना.

आता ज्याच्यासाठी मी उभा आहे ते सांगतो. आल्मा नावाचं गाव आहे. कडा आणि नदी यांच्यात जागाच नाही, म्हणून गाव लांबलचक आणि दोन रस्त्यांइतकंच रुंद. तिथे चार नंबरचा लॉक आणि धरण आहे. लॉक म्हणजे बोटींसाठी पाण्याची पायरी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांब हौद. १९३० च्या दशकात नदीत नऊ फूट खोलीचा जलमार्ग कायम राहावा म्हणून अशी धरणं बांधली. बाबांनी दरवाजे पाहिले आणि म्हणाले, "पाणी साठवायला नाही बांधलेलं. पूर आला तर हे दरवाजे वर उचलून मोकळे होत असणार." अगदी तसंच आहे. पूर थोपवणं हे त्यांचं कामच नाही.

तेवढ्यात वरून धान्याचा तांडा आला. तीनच्या पाच रांगा, पंधरा बार्ज (इंजिन नसलेले सपाट मालवाहू पडाव), मागून ढकलणारी एक बोट. एका बार्जमध्ये सुमारे पंधराशे टन माल. लॉक सहाशे फूट लांब, तांडा हजाराच्या वर. आई म्हणाली, "हे मावणार कसं?" तोडून. पुढचे नऊ बार्ज आत घातले, माणसांनी बार्ज एकमेकांना बांधणाऱ्या तारा सोडल्या, बोट उरलेले सहा घेऊन मागे सरली. दरवाजे मिटले. पंप नाही, काही नाही, व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी आपल्या वजनानं खालच्या अंगाला निघून गेलं. कठड्यापाशी उभं राहून नीट बघितलं तर लक्षात येतं, बार्ज हलत नाही, फक्त भिंतीचा ओला भाग वाढत जातो. सात-एक फूट. मग खालचे दरवाजे उघडले, नऊ बार्ज ओढून बाहेर काढले, लॉक परत भरला, उरलेले सहा आणि बोट आत. मग पुन्हा सगळं जोडायचं. दीड तास गेला. बाबा जागचे हलले नाहीत. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. मावसबहिणीला फोन केला, जेवायला थांबू नकोस.

गैरसोयी सांगायलाच हव्यात. हमरस्त्यावर ठरावीक अंतरावर स्वच्छतागृहं असतात, इथे ती शोधावी लागतात, आणि वडीलधारी माणसं बरोबर असली की हा मोठा प्रश्न असतो. शाकाहारी जेवणाची बोंब. शुक्रवारी गेलात तर जिकडेतिकडे तळलेला मासा. आई तळलेल्या चीझ कर्डवर भागली. तिनं त्याला चीझची भजी असं नाव ठेवलं आणि दोन प्लेट संपवल्या. आणखी एक: फोनवर 'शिकागो' टाकू नका. तो दर वळणावर तुम्हाला आय-९४ वर नेऊ पाहतो. पुढचं गाव टाका, मग त्याच्या पुढचं.

ला क्रॉसच्या खाली अंधारायला आलं होतं. नोव्हेंबरात याच टापूत टुंड्रा हंस उतरतात, तेव्हा वेगळं यायचं असं ठरवलं. प्रेरी दु शीनला विस्कॉन्सिन नदी मिळते. जाक मार्केट आणि लुई जोलिए हे फ्रेंच प्रवासी १६७३ च्या जूनमध्ये तिच्यातूनच होडीनं मिसिसिपीत उतरले. संगम धड दिसला नाही, पण बाबा पाच मिनिटं खाली उतरून उभे राहिले. तिथून डब्यूक, गलीना, मग हायवे २०. घरी पोचायला रात्रीचे साडेबारा.

परतताना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून आय-९४ नं आलो. बाबा मॅडिसनच्या आधी झोपले ते ओ क्लेअरला जागे झाले. मी सांगितलं, मघाशी आपण विस्कॉन्सिन नदी ओलांडली.

"तीच? मग उठवलं का नाहीस?"

"तुम्ही चष्मा लावेपर्यंत पूल संपला असता, बाबा."