बीडीडीच्या जागेवर किती घरं वाढली?

(दृश्य : वरळी, जांबोरी मैदान. कॅमेरा जुन्या चाळींवरून वर सरकत उंच इमारतींवर.)

या अंगाला बीडीडी चाळ, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेली, तळमजला अधिक तीन. त्या अंगाला चाळीस मजली नव्या इमारती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्यातल्या ५५६ घरांच्या चाव्या भाडेकरूंना मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचं घर आलं. तेही मालकीचं, आणि विनामूल्य.

मुंबईत एवढं घर फुकट? मग पैसा कुणाचा?

(दृश्य : जुन्या चाळीचा आतला पॅसेज. दोन्ही बाजूंना दारं, दाराबाहेर चपला, पाण्याचे पिंप.)

या चाळी १९२० च्या दशकातल्या. गिरण्यांत माणसं येत होती आणि राहायला जागा नव्हती. सरकारने कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला आणि त्या आधारावर चाळी उभारायला घेतल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. मधून पॅसेज, दोन्हीकडे दहा-दहा खोल्या. मजल्यावर वीस, चाळीत ऐंशी. संडास सामाईक, मोरी खोलीतच. खोलीत आईवडील, दोन भाऊ, एकाचं लग्न झालेलं. रात्रपाळीवाला घरी आला की दिवसपाळीवाला उठायचा. माणसांची दाटी म्हणाल तर ती तेव्हाच होती, फक्त ती आडवी होती.

(दृश्य : नकाशा. मुंबई शहर आणि उपनगरं.)

नियोजनाच्या भाषेत दाटी मोजतात ती मात्र एफएसआयने, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकाने. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. १९९१ च्या नियमावलीत तो मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. एवढ्या मागणीच्या शहरात इतका कमी आकडा ठेवला की जादा एफएसआय ही देण्याघेण्याची वस्तू होते. सरकारने तेच केलं. जुन्या भाडेकरूंना फुकट घर द्या, वर बांधायला जास्त मिळेल, ते विकून खर्च काढा. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारती, झोपडपट्टी, समूह पुनर्विकास, सगळ्या योजना याच पायावर उभ्या आहेत. बीडीडीसाठी हा आकडा ४ आहे आणि बिल्डरऐवजी म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, पुढे आहे.

आता साधा हिशेब करू. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, म्हणजे तेवढ्याच कुटुंबांना तिपटीहून जास्त जागा. याचा अर्थ बांधकाम तिप्पट झालं तरी शहरातल्या घरांत एकाचीही भर पडलेली नाही! भर पडते ती त्यावरच्या विक्रीच्या इमारतींमुळे, आणि तिथलं घर केवढं असावं ते बाजार ठरवतो. वरळीचा बाजार काय ठरवणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

भाडेकरूला मोठं घर मिळू नये, असं इथे म्हणायचं नाही. शंभर वर्षं त्याने सामाईक संडासाबाहेर रांग लावली, त्याचं घर त्याला मिळायलाच हवं. प्रश्न आहे तो नव्याने येणाऱ्याचा. नर्स, डिलिव्हरीवाला, पहिल्या नोकरीचा पोरगा. चाळ मुळात भाड्याने राहणाऱ्यासाठी होती. नव्या आराखड्यात पुनर्वसनाचं घर आहे, विक्रीचं घर आहे. परवडणाऱ्या भाड्याची खोली कुठेच नाही.

(दृश्य : गोवंडी-मानखुर्द. दोन इमारतींमधली अरुंद गल्ली, दिवसा लावलेले दिवे.)

आणि दाटी कशी रचली यालाही महत्त्व आहे. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड बघा. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू ही संस्था यांच्या २०१८ मधल्या अभ्यासाने या वसाहतींच्या रचनेचा संबंध क्षयरोगाशी जोडला. पुनर्वसनाच्या योजनांना इमारतींमध्ये सोडायच्या मोकळ्या जागेत सवलत मिळते, म्हणजे ती कमी सोडली तरी चालते. कागदावर ती सवलत असते, खालच्या मजल्यावर ती खिडकी असते, न उघडणारी.

शहराच्या २०१८ पासूनच्या नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी जोडला आहे. रुंद रस्त्याला शहरात ३ पर्यंत, उपनगरांत २.५ पर्यंत. ही दिशा बरोबर आहे, कारण पाणी, सांडपाणी आणि अग्निशमनाचा बंब हे सगळं रस्त्यावरूनच येतं. पण रस्ता मोजून घराचा आकार ठरत नाही. जादा बांधकाम देताना त्यातली अमुक इतकी घरं लहान आणि भाड्याची असतील, ही अट घातली तर वाढलेले मजले टंचाईच्या कामी येतील.

(दृश्य : शिवडीच्या चाळी.)

२०७ पैकी शिवडीच्या १२ चाळी मात्र मागे राहिल्या. खोली तीच १६० फुटांची, मागणी तीच. पण खालची जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली, त्यामुळे राज्याने एफएसआय कितीही दिला तरी परवानगी दिल्लीहून यावी लागते.